बहिणीची मुले आम्ही वाढवतो, पण कागदावर आम्ही त्यांचे कोण?

वाचकाचे पत्र

"माझी थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. शेवटपर्यंत ती एका खाजगी कंपनीत नोकरीला होती. तिची मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा. दोघेही तेव्हापासून आमच्या घरी आहेत. मला स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा आहे. भावोजींनी दुसरे लग्न केले. ते मुलांसाठी एक पैसाही देत नाहीत, पण अधूनमधून येतात आणि 'जूनमध्ये मुलाला घेऊन जाणार' असे बजावून जातात. मुलीचे नावही काढत नाहीत. शाळा प्रत्येक कागदावर वडिलांची सही मागते. माझ्या यजमानांनी आजवर एका शब्दाने कुरकुर केलेली नाही, पण एका पगारात पाच जणांचे भागवताना ओढाताण होते. मैत्रिणीने सरकारी मदतीचे सुचवले, तर सासूबाई म्हणाल्या, 'लोक म्हणतील, पैशासाठी मुले ठेवून घेतली.' भाची अलीकडे माझ्याशी तुटक वागते. कायद्याने आम्ही या मुलांचे कोण लागतो? आणि मदतीसाठी कोणाकडे जायचे?"

एक मावशी

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मनाला लागणारे आहे, तरी तेच आधी देणे भाग आहे. मुलांची दुखणीखुपणी, शाळा, अभ्यास हे सारे तुम्ही दोघे पाहत असलात, तरी आजच्या घडीला कायद्याच्या लेखी त्यांचे नैसर्गिक पालक त्यांचे वडीलच आहेत. तुम्हाला हिंदू कायदा लागू होतो असे धरले, तर हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ६ नुसार ही स्थिती आहे. तुम्ही प्रत्यक्ष सांभाळ करता, पण कोणत्याही आदेशाने नेमलेल्या नाहीत, आणि अशा व्यक्तीला मुलांच्या मालमत्तेचा कोणताही व्यवहार करता येत नाही, असे त्याच कायद्याचे कलम ११ सांगते. त्यामुळे उद्या भावोजी शाळेच्या फाटकातूनच मुलाला घेऊन गेले, तर 'वडीलच तर आहेत' असे म्हणून पोलीस तुम्हाला परत पाठवण्याचीच शक्यता अधिक आहे. जून येण्याआधी हालचाल करायला हवी, ती यासाठी.

पण हे एवढ्यावर संपत नाही. पालक नेमताना अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचे हित हाच सर्वांत मोठा विचार असला पाहिजे, असे याच कायद्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. नातेवाइकाला पालक म्हणून नेमून घेण्याचा मार्ग पालक व पाल्य अधिनियम, १८९० या कायद्याने दिलेला आहे. मुले नेहमी जिथे राहतात तिथल्या जिल्हा न्यायालयात, किंवा कुटुंब न्यायालय असेल तर तिथे, तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी अर्ज करायचा. कलम १७ प्रमाणे न्यायालय मुलाचे वय, अर्जदाराचे चारित्र्य व पात्रता, मुलाशी असलेले नाते, दिवंगत आई किंवा वडिलांची काही इच्छा असल्यास ती, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे स्वतःचे म्हणणे, हे सारे विचारात घेते. निकालाला वेळ लागतो. म्हणून कलम १२ खाली अंतरिम आदेश मागायला वकिलांना आवर्जून सांगा, म्हणजे अर्ज चालू असेपर्यंत मुले आहेत तिथेच राहावीत असे न्यायालय म्हणू शकेल. अर्ज दोन्ही मुलांसाठी एकत्र करा आणि भावंडांची ताटातूट होऊ नये, ही मागणी त्यात वेगळी लिहा. तुमच्या प्रकरणात मला हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो, कारण वडिलांना मुलगा हवा आहे आणि मुलगी नको आहे, हे त्यांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवून दिले आहे.

निकाल तुमच्याच बाजूने लागेल, अशी खोटी आशा मी दाखवणार नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात वडील हयात असतानाही मुलीचा ताबा तिच्या आईच्या आईकडे ठेवला. उलट २०१९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात, आईच्या निधनानंतर मावशी-मामांकडे वाढत असलेली लहान मुलगी सर्वोच्च न्यायालयानेच वडिलांकडे सोपवली आणि मावशीला भेटीचा अधिकार दिला. दोन्हीकडे कसोटी मुलाच्या हिताचीच होती. फरक परिस्थितीचा होता. म्हणून 'आमचे मुलांवर प्रेम आहे' एवढे म्हणणे तिथे पुरणार नाही, मुलांचे आयुष्य प्रत्यक्षात कोणी पेलले हे दिसले पाहिजे. शुल्काच्या पावत्या, तुमच्या सहीची प्रगतिपुस्तके, लसीकरणाच्या नोंदी, दवाखान्यातले केसपेपर हे सारे आजच एका फाइलमध्ये लावा. त्यासोबत एक साधी वही ठेवा. भावोजी कोणत्या तारखेला आले, किती वेळ थांबले, मुलीशी बोलले की नाही, मुलांसाठी काही दिले का, हे तिच्यात लिहीत जा, आणि लिहिताना रागाचे एकही विशेषण वापरू नका.

याच ओघात एक इशारा देते, कारण या गोष्टीत फार कुटुंबे फसतात. शंभर-पाचशेच्या मुद्रांक कागदावर 'मुले मावशीला दिली' असे लिहून नोटरी केल्याने पालकत्वही मिळत नाही आणि दत्तकही होत नाही. भावोजी संमती द्यायला तयार असतील तर ती लेखी जरूर घ्या, न्यायालयापुढे तिचा उपयोग होईल. पण तो कागद म्हणजेच आदेश, असे समजून घरी बसू नका. दत्तकाचा विचार मात्र आत्ता बाजूला ठेवा. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाप्रमाणे स्वतःला मुलगा असताना दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये नातेवाइकाचे मूल दत्तक घेण्याची सोय आहे खरी, पण वडील हयात असताना त्यांच्या संमतीचा प्रश्न तिथेही येतो. तुमची आजची गरज पालकत्वाच्या आदेशाने भागते.

वकिलाच्या खर्चाचे ओझे मनावर घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे. या मदतीसाठीचा अर्ज तुमच्या नावाने करा.

आता सासूबाईंच्या बोलण्याविषयी. त्यांच्या मनात तुमच्याबद्दल वाईट नाही. घराच्या नावाला बट्टा लागू नये, एवढीच त्यांची काळजी दिसते. तरीही त्यांचे म्हणणे मला मान्य नाही, आणि तुम्हीही ते मान्य करू नये असे मला मनापासून वाटते. मदतीच्या योजना मुलांच्या नावाने असतात. आईवडिलांचे छत्र हरपलेले मूल संस्थेत न जाता कुटुंबात वाढावे म्हणून राज्य ती रक्कम देते, आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय असला पाहिजे हे बाल न्याय अधिनियमातच तत्त्व म्हणून लिहिलेले आहे. तुमच्यासारखी घरे पुढे येतात म्हणून हे तत्त्व प्रत्यक्षात उतरते. दोन मुलांचा सगळा भार एका पगारावर घेऊन तुम्ही हे तत्त्व सांभाळायचे आणि राज्याने आपला वाटा उचलायचा नाही, यात मोठेपणा काहीच नाही. तुटवडा सोसणार ती मुलेच.

महाराष्ट्रात यासाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि दरमहा मिळणारी रक्कम १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आली. अठरा वर्षांखालील अनाथ मुलांबरोबरच एक पालक गमावलेली आणि दुसऱ्या पालकाकडून सांभाळ न होणारी मुलेही तिच्यात बसतात. त्याशिवाय केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाखाली दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० रुपये आणि इतरत्र ९६,००० रुपये अशी आहे. विस्तारित कुटुंबात राहणाऱ्या अनाथ मुलांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या मुलांचे वडील हयात असल्याने आणि पगाराची अट आड येण्याची शक्यता असल्याने मला बालसंगोपन योजना तुमच्यासाठी अधिक जवळची वाटते, पण दोन्हींची चौकशी एकाच खेपेत करून घ्या. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी यांच्या कार्यालयात जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुठे आहे ते विचारा. आईचा मृत्यू दाखला, मुलांचे आधार कार्ड, शाळेचा बोनाफाइड दाखला, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची प्रत आणि मुलांसोबत घरासमोर काढलेला तुमचा फोटो ही कागदपत्रे साधारणपणे मागतात. धाकट्याच्या आधारमध्ये पाच वर्षांनंतरचे बोटांचे ठसे अद्ययावत केलेले नसतील तर ते आधी करून घ्या, कारण नेमक्या अशा बाबीवर अर्ज अडकतो.

अर्ज बालकल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांच्या काळजी व संरक्षणाबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीपुढे, जातो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि त्यांच्यापैकी किमान एक स्त्री असते. मुलांना घेऊन समितीपुढे जायचे म्हटले की 'मुलेच काढून घेतील' अशी धास्ती बऱ्याच जणींना वाटते. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते. एखादी कर्मचारी घरी येईल, शेजारी विचारेल, मुलांशी एकांतात बोलेल. तिला घर जसे आहे तसे दाखवा. मुले सुरक्षित आहेत आणि आपुलकीने वाढत आहेत असे दिसले, तर तुम्हाला 'योग्य व्यक्ती' मानून मुलांना तुमच्याकडेच ठेवण्याचा आदेश समिती देऊ शकते. त्या आदेशाने पालकत्वाचा निकाल लागत नाही, पण शाळेत, दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात दाखवायला तुमच्या हाती एक सरकारी कागद येतो. मुलाला जबरदस्तीने नेण्याचा प्रयत्न झालाच, तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर लगेच कळवा आणि समितीला लेखी अर्ज द्या.

पत्रात तुम्ही ओझरते लिहिलेले एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले, ते म्हणजे बहीण शेवटपर्यंत नोकरीत होती. तिच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात होता का, हे कंपनीकडून किंवा तिच्या जुन्या पगारपत्रकावरून आधी पाहा. कापला जात असेल तर कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ प्रमाणे एका वेळी दोन मुलांना वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत निवृत्तिवेतन मिळते, आणि त्यासाठी १०-डी हा नमुना भरावा लागतो. मयत सदस्याच्या जोडीदाराचे निवृत्तिवेतन त्याने पुनर्विवाह केल्यावर थांबते आणि मग मुलांना अनाथ निवृत्तिवेतनाचा वाढीव दर लागू होतो. भावोजींनी दुसरे लग्न केले आहे, हे तिथे लेखी सांगा. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर कर्मचारी ठेव संलग्न विमा योजनेचा दावाही करता येतो. आधीचे सलग बारा महिने नोकरी झाली असेल तर त्यात किमान अडीच लाख आणि कमाल सात लाख रुपये मिळतात. निधीची आणि विम्याची रक्कम कोणाला द्यायची, हे नामनिर्देशनावरून ठरते. ते बहिणीने कोणाच्या नावे केले होते हे विचारून घ्या. मुलांचे निवृत्तिवेतन मात्र त्यांचे स्वतःचे आहे. बहिणीच्या नावावर इतर काही शिल्लक किंवा मालमत्ता असेल आणि तिने मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे पती आणि मुले हे समान वाटेकरी आहेत. म्हणजे तीन वाट्यांपैकी दोन या मुलांचे. वडील नैसर्गिक पालक असल्यामुळे हे पैसे त्यांच्या हाती जाऊ नयेत असे वाटत असेल, तर त्यालाही उपाय पालकत्वाचा आदेश हाच. तो मिळाल्यावर मुलांचा पैसा मुलांच्याच खात्यात ठेवा आणि पै-पैचा हिशेब ठेवा. त्यांच्या नावावरचे घर किंवा जमीन न्यायालयाच्या परवानगीवाचून पालकाला विकता किंवा गहाण ठेवता येत नाही.

वडिलांची जबाबदारीही सुटलेली नाही. मुले मावशीकडे राहतात म्हणून बापाचे कर्तव्य संपत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मुलांच्या निर्वाहासाठी त्यांच्याकडून दरमहा रक्कम मागता येते. ती आत्ताच मागायची, की आधी पालकत्वाचा आदेश घ्यायचा, हे वकिलांशी बोलून ठरवा. दोन्ही आघाड्या एकदम उघडल्या तर भावोजी चिडून मुलांकडे धाव घेतील, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते.

शाळेच्या सहीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. मुख्याध्यापकांना एक पत्र द्या. मुले कधीपासून तुमच्याकडे आहेत, वडील कुठे असतात, तातडीच्या वेळी कोणाला बोलवायचे आणि मुलांना शाळेतून कोणी न्यायचे, हे त्यात लिहा आणि समितीचा आदेश आल्यावर त्याची प्रत जोडा. शिक्षण हक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा आहे, आणि वयाच्या दाखल्याअभावीही त्या कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा वडिलांच्या एका सहीसाठी मुलांची शाळा अडायला नको, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

भाचीविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण पत्र पुन्हा वाचताना माझे लक्ष तिथेच अडकत होते. तेरा वर्षांची मुलगी वडिलांचे प्रत्येक वाक्य ऐकते. 'मुलाला नेणार' या वाक्यात ती कुठेच नाही, आणि तिला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात: वडिलांना मी नको आहे, आणि माझा भाऊ जाणार आहे. आईच्या पश्चात त्या भावाला सांभाळण्याची जबाबदारी तिने मनोमन स्वतःकडे घेतली असेल, तर तो जाण्याची भीती तिच्यासाठी दुसऱ्या मृत्यूइतकी मोठी आहे. वडिलांवर ती रागावू शकत नाही, कारण ते मग उरले-सुरले येणेही बंद करतील. म्हणून जी कुठेही जाणार नाही अशी तिची खात्री आहे, त्या तुमच्यावर ती रागावते. तुटकपणाचा अर्थ मी असा लावते. तिच्याशी समोर बसवून बोलण्यापेक्षा कपड्यांच्या घड्या घालताना किंवा सोबत चालताना बोला. 'तुम्हा दोघांना वेगळे होऊ देणार नाही, त्यासाठी आम्ही न्यायालयात अर्ज करतो आहोत, आणि तुला काय वाटते हेही तिथे विचारतील' असे तिला स्पष्ट सांगा, मात्र निकालाचे वचन देऊ नका. वडिलांबद्दल तिच्यापुढे वाईट बोलू नका. तिच्या आईबद्दल मात्र मोकळेपणाने बोला. आईचे अक्षर असलेली एखादी वही किंवा तिची एखादी ओढणी घरात असेल तर ती तिच्या ताब्यात द्या. झोप, खाणे किंवा शाळा बिघडत चालली असेल तर समितीकडे अर्ज करतानाच समुपदेशकाची मागणी करा.

भावोजींना घराचे दार बंद करू नका. वार आणि वेळ ठरवून, तुमच्या घरी, दोन्ही मुलांना एकत्र भेटायला या, असे त्यांना सांगा. ते आले तर मुलांचे भले आहे, आणि न आले तर वहीत नोंद होईल.

तुमच्या स्वतःच्या मुलाने दोन वर्षांत आपली खोली, आपली आई आणि तिचा वेळ वाटून घेतला आहे. आठवड्यातून थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी ठेवा, आणि त्याने कधी कुरकुर केली तर त्याला स्वार्थी म्हणू नका. यजमान तक्रार करत नाहीत, याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा नव्हे. अर्जावर दोघांच्या सह्या करण्याआधी एक संध्याकाळ त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी राखून ठेवा. आणि तुमचीही बहीण गेली आहे, ताई. पूर्ण पत्रात तुमच्या दुःखाबद्दल एक शब्दही नाही. मुले आली त्याच दिवसापासून तुम्ही कामाला जुंपलात, आणि तुम्हाला रडायला कोणी वेळ दिला नाही, असे दिसते. जिच्याजवळ बहिणीबद्दल बोलता येईल अशी एक तरी व्यक्ती शोधा.

शेवटी, हे सगळे एकटीने करू नका. तुमच्या भागात नातवंडे वाढवणारे आजी-आजोबा, पुतणे-भाचे सांभाळणारे काका, मामा, मावश्या नक्की असतील. त्या घरांची माहिती अंगणवाडी सेविकेला आणि शाळेतल्या शिक्षकांना असते. चार कुटुंबे मिळून बाल संरक्षण कक्षात गेली, तर तिथली वागणूक बदलते, आणि एकीला मिळालेली माहिती चौघींना उपयोगी पडते. योजनेचे हप्ते रखडतात, हे दुर्दैवाने खरे आहे. तसे झाले तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करून, मंजुरीची तारीख आणि निधी कोणत्या टप्प्यावर अडला आहे हे विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही प्रत्येकीला आपापले निवेदन देता येते. गाव असेल तर ग्रामसभेत हा विषय मांडा आणि ग्राम बाल संरक्षण समितीने अशा मुलांची यादी करावी, अशी मागणी इतिवृत्तात लिहून घ्या.

या आठवड्यात दोनच कामे करा: विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वकील मागा, आणि बाल संरक्षण कक्षात अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. बहिणीच्या भविष्य निधीचा क्रमांक सापडला की मला कळवा. त्या दाव्याचे नमुने कसे भरायचे, ते मी सविस्तर लिहून पाठवीन.